चौल-रेवदंडा-कोर्लई: शनिवार-रविवारात पायी कसं बघायचं, भरती-ओहोटीच्या हिशोबासकट

अलिबागला लोक वर्षातून दोनदा जातात आणि तिथून फक्त सतरा-अठरा किलोमीटरवरचं रेवदंडा बघायचं राहूनच जातं, किंवा मुरुडला जाताना गाडीच्या काचेतून एक मोठी काळी भिंत दिसते, "काय हो हे?" असं कोणीतरी विचारतं, तोपर्यंत गाडी पुलावर पोचलेली असते. मी पनवेलला राहतो, गेली बरीच वर्षं हिवाळ्यात दोन-तीन वेळा तरी तिकडे जातो, आणि माझं ठाम मत आहे की हा सगळा पट्टा गाडीतून बघायचा नाहीच, गाडी एका ठिकाणी लावायची आणि चालायचं, कारण इथलं सगळं वाड्यांच्या आत, नारळी-पोफळीच्या मागे, गल्लीच्या टोकाला आहे आणि ते चालणाऱ्यालाच सापडतं. म्हणून कधी निघायचं, कुठे उतरायचं, काय आधी बघायचं, समुद्र कधी वाट देतो आणि कधी अडवतो, हे सगळं क्रमाने लिहितोय.

आधी दोन ओळींत जागा समजून घ्या

अलिबागहून दक्षिणेला निघालात की आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा अशी गावं एकाला एक लागून येतात, मधे कुठे गाव संपलं आणि दुसरं सुरू झालं ते कळतही नाही. या सगळ्या पट्ट्याला अष्टागर म्हणतात. रेवदंड्याला जमीन संपते, समोर कुंडलिका नदीची खाडी, खाडीवर पूल, पुलापलीकडे साळाव आणि तिथून समुद्राच्या बाजूला वळलं की कोर्लई. रेवदंडा आणि कोर्लईचा डोंगर एकमेकांसमोर उभे आहेत, मधे खाडीचं तोंड. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली की इथला सगळा इतिहास उलगडतो: जो ही दोन टोकं धरेल त्याच्या हातात बंदर.

आणि बंदर साधंसुधं नव्हतं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत चेमूल म्हणून जे नाव येतं ते हेच चौल. ग्रीक लोकांनी त्याला सिमुल्ला म्हटलं, अरबांनी सैमूर. मसूदी नावाचा अरब प्रवासी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे येऊन गेला. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन याच बंदरात उतरला आणि इथून जुन्नरला गेला. म्हणजे वास्को द गामा येण्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी! मग पोर्तुगीज आले, त्यांनी १५२१ ला निजामशाहाकडून परवानगी काढून रेवदंड्याला कोट बांधायला घेतला, पुढे १५९४ ला समोरचा कोर्लईचा डोंगर निजामशाहीकडून जिंकला, आणि १७४० मधे, वसई पडल्यावर पुढच्याच वर्षी, दोन्ही ठिकाणं मराठ्यांकडे आली. एवढं माहीत असलं तरी पुरे, बाकीचं चालताना सांगतो.

पायरी पहिली: तारीख ठरवा, पण कॅलेंडरवर तिथी बघून

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि नेमकं हेच कोणी सांगत नाही. सीझन ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी. मार्चपासून दुपारी घाम काढतो, पावसाळ्यात हिरवंगार सुंदर असतं पण समुद्र खवळलेला, कोटाचे दगड शेवाळलेले, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्यामुळे ताटात ताजा मासा नाही. म्हणजे हिवाळाच.

आता हिवाळ्यातला कोणता शनिवार? तर भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. कोकणात जुनी माणसं भरतीचा हिशोब असा करतात: शुद्ध असो की वद्य, जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ, सकाळी आणि संध्याकाळी दोन्हीकडे. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या आसपास पूर्ण भरती. दशमी असेल तर साडेसात. त्यात साधारण सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, पण प्लॅनिंगला हा हिशोब पुरतो, जायच्या आदल्या दिवशी मोबाईलवर भरतीचं टेबल बघून पक्कं करून घ्या.

याचा उपयोग काय? रेवदंड्याचा तट आहे समुद्राला लागून. ओहोटी असली की तटाच्या बाहेरून वाळूवरून आरामात चालता येतं, डोक्यावर ती प्रचंड भिंत आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, हा या ट्रिपमधला माझा सगळ्यात आवडता तास. भरती असली की पाणी भिंतीच्या दिशेने चढत येतं आणि वाट बंद. तर संध्याकाळी साडेपाच-सहाला ओहोटी हवी असेल तर पौर्णिमा किंवा अमावस्येच्या आगेमागे, साधारण त्रयोदशी ते प्रतिपदा, असा शनिवार पकडा. षष्ठी-सप्तमी-अष्टमीला गेलात तर संध्याकाळी समुद्र भरलेला असतो, मग तटाचा बाहेरचा फेरा उन्हात सकाळी उशिरा नाहीतर दुपारी करावा लागतो. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं म्हणजे पाणी जेवढं लांब जातं तेवढंच जोरात परतही येतं, हे पण लक्षात ठेवा.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. वाळू मोकळी दिसली म्हणून तटाच्या कडेने बोलत बोलत खूप लांब गेलो, मुलगी तेव्हा सहा वर्षांची, शिंपले गोळा करत होती, आणि परत फिरलो तर जिथून आलो होतो तिथे लाटा भिंतीला लागत होत्या. गुडघाभर पाण्यातून मुलीला खांद्यावर घेऊन भिंतीला हात लावत लावत बाहेर आलो. दहा मिनिटांचंच काम होतं पण पायाखालचे दगड दिसत नव्हते आणि बायकोने माझा शर्ट मागून घट्ट धरला होता तो तसाच आठवतो. वर एका वाडीतले काका उभे होते, ते एवढंच म्हणाले की "आज सप्तमी, पाणी भरायची वेळ ही." तेव्हापासून तिथी बघितल्याशिवाय निघत नाही.

पायरी दुसरी: पोचायचं कसं

मुंबईहून सगळ्यात छान म्हणजे पाण्यातून. गेटवेहून मांडव्याला कॅटमरान सुटतात, तासाभराचा प्रवास, आणि बऱ्याच कंपन्यांच्या तिकिटात मांडव्याहून अलिबाग एसटी स्टँडजवळ सोडणारी बस धरलेली असते, तिकीट काढतानाच विचारून घ्या. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आहे, गाडीसकट तासाभरात पलीकडे, पण शनिवारी सकाळचं बुकिंग आठवडाभर आधी करा नाहीतर मिळत नाही. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात.

रस्त्याने पनवेल-पेण-वडखळ-अलिबाग. मुंबईहून शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. पण शनिवारी सकाळी आठनंतर वडखळच्या आसपास अडकलात की सकाळ गेली म्हणून समजा, तेव्हा पहाटे साडेपाचला घर सोडा. आम्ही पनवेलहून एसटीनेच जातो. अलिबाग स्टँडवरून रेवदंडा, मुरुड किंवा रेवदंडामार्गे रोह्याला जाणाऱ्या एसटी मिळतात, शिवाय बाहेर मिनीडोर आणि विक्रम उभ्या असतात, सीट भरली की निघतात. या ट्रिपला स्वतःची गाडी लागतच नाही, फक्त कोर्लईला जायला-यायला एक रिक्षा सांगून ठेवायची.

पायरी तिसरी: राहायचं ते वाडीत

हॉटेल नको. चौल-रेवदंड्यात वाड्यांमधे घरगुती राहायची सोय बरीच आहे, पुढे घर, मागे नारळ-सुपारीची बाग, मधे विहीर. फोन करताना तीन गोष्टी विचारा: जेवण घरचं आहे का, किनारा चालत किती, आणि गरम पाणी बंबाचं की गीझरचं (बंबाचं असेल तर सकाळी कोर्लईला लवकर निघणार हे रात्रीच सांगायचं). मासे खाणारे किती, शाकाहारी किती, हे आदल्या दिवशीच कळवा, कारण त्या काकू सकाळी बाजारात जाऊन तेवढंच आणतात. माणशी अंदाज घेऊन थोडी कॅश जवळ ठेवा, यूपीआय चालतं पण वाडीच्या आत नेटवर्क दगा देतं.

आणि गाडी नेलीच तर नारळाच्या झाडाखाली लावू नका. खरंच सांगतोय, नारळ सोडाच पण एक वाळलेली झावळी पडली तरी काच जाते. तुम्ही स्वतःही उशी घेऊन झाडाखाली झोपू नका.

पायरी चौथी: शनिवार सकाळ, आक्षी आणि चौल

सामान घेऊन थेट रेवदंड्याला जायच्या आधी आक्षीला पाच-दहा मिनिटं थांबता आलं तर जरूर थांबा. इथे शिलाहार राजा केसिदेवरायाच्या काळातला शिलालेख आहे, अभ्यासकांनी तो शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ चा असं वाचलंय आणि मराठीतला सगळ्यात जुना शिलालेख म्हणून त्याच्याकडे बघितलं जातं. कुठल्या मोठ्या म्युझियममधे नाही, आक्षी गावातच. वर चंद्र-सूर्य, खाली गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेली कोरीव शिवी. आपण जी भाषा सकाळपासून रात्रीपर्यंत बोलतो तिचा हजार वर्षांपूर्वीचा दगड समोर उभा आहे हे बघून मला दर वेळी हात जोडावेसे वाटतात. लहान मुलं असतील तर त्यांना आवर्जून दाखवा.

मग चौल. चौलचा फेरा सकाळी साडेआठ-नऊ ते बारा. उतरायचं रामेश्वर मंदिराजवळ. मंदिर कौलारू, समोर मोठी दगडी पुष्करणी, दीपमाळा, आणि वातावरण एकदम शांत. घाई करू नका, पुष्करणीच्या पायरीवर वीस मिनिटं तरी बसा. पाण्यात मंदिराचं प्रतिबिंब हलतं, कोणीतरी आजी पाय धुवून वर जाते, आणि बाकी फक्त पक्षी. मंदिराच्या आत पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन कुंडं आहेत असं मानतात, अवर्षण पडलं की पर्जन्यकुंड उघडायची प्रथा होती. पुजारी मोकळे असले तर त्यांना विचारा, ते जागा दाखवतात.

जुनी माणसं सांगतात की चौलात तीनशे साठ देवळं आणि तीनशे साठ तळी होती. मोजायला कोणी गेलं नसेल, पण पायी फिरलात की तळी खरंच येत राहतात, एखादं कमळांनी भरलेलं, एखादं बुजत आलेलं. रामेश्वरहून गावातल्या रस्त्यांनी विचारत विचारत शितळादेवीला जा. मुसलमानी अमदानीतला हमामखाना पण आहे, पडका, झाडीत, छताला उजेड येण्यासाठी ठेवलेली भोकं बघायला मिळतात. तिथे जायचं तर फुलपँट आणि बूट हवेत, आणि दगडात हात घालायचा नाही, साप असतात.

वरती हिंगुळजा देवीचा डोंगर आणि भोवाळ्याला दत्ताची टेकडी, दोन्ही आहेत. दोन्ही एकाच दिवशी करू नका. माझं ऐकाल तर दत्ताची टेकडी निवडा, रुंद पायऱ्या, अर्धा-पाऊण तास धरा, वरून सगळं अष्टागर एका नजरेत येतं: हिरव्या झावळ्यांची जाड गोधडी, तिच्यापलीकडे समुद्राची रेघ, आणि घरं जवळजवळ दिसतच नाहीत. मार्गशीर्षात दत्तजयंतीला इथे पाच दिवसांची मोठी जत्रा भरते. जत्रेसाठीच जायचं असेल तर मजा आहे, खाजा-मिठाईची दुकानं, पाळणे, पण निवांत चालायचं असेल तर ते पाच दिवस टाळा कारण रस्ता मुंगीलाही मिळत नाही.

साडेबाराला रेवदंडा, जेवण. तांदळाची भाकरी, ताज्या माशाचं कालवण, सोलकढी, आणि मग दोन तास आडवं व्हायचं. हा आराम प्लॅनमधून कापू नका.

पायरी पाचवी: शनिवार दुपार-संध्याकाळ, रेवदंड्याचा कोट

साडेतीनला निघा. रेवदंडा हे गावच कोटाच्या आत आहे, हे आधी समजून घ्यायला लागतं. अलिबागहून येणारा डांबरी रस्ता तटबंदीतून आत शिरतो. तट सोडून बाकी किल्ल्यासारखं काही दिसत नाही कारण आत आता घरं, बाजार आणि वाड्या आहेत. पोर्तुगीजांच्या वेळी याच आवारात चर्च होती, मठ होते, दवाखाना होता. आज त्याच भिंतींच्या मधे पोफळी उभ्या आहेत आणि पाटातून पाणी खेळतंय.

पहिलं सातखणी. बाजारात कोणालाही "सातखणी कुठे?" विचारा. हा मनोरा सात मजली होता म्हणून सातखणी, आज वरचे मजले गेलेत, तरी मान दुखेल एवढा उंच आहे. फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा हा मनोरा. पायथ्याशी जुन्या तोफा आहेत. भिंतीच्या जवळ जाऊन बघा, हात लावून बघा, मोठ्या घडीव दगडांच्या मधे चुना, चुन्यात पिंपळाची मुळं घुसलेली, आणि मुळं इतकी जाड झालीत की आता दगडाला दगड त्यांनीच धरून ठेवलाय असं वाटतं. वर चढायचा प्रयत्न करू नका, जिना शाबूत नाही.

वाडीतून जायची वेळ आली तर आधी घरातल्या माणसाला हाक मारा. या सगळ्या खाजगी जमिनी आहेत. "जरा भिंत बघून येऊ का?" एवढं विचारलं की कोणी नाही म्हणत नाही, उलट पाणी विचारतात. एकदा एका आजोबांनी आम्हाला अंगणात बसवलं, ते सुपारी सोलत होते, आणि बोलता बोलता म्हणाले की त्यांच्या न्हाणीघराची एक भिंत "फिरंग्याच्या चर्चची" आहे. जाऊन बघितली तर खरंच, एक कमान अर्धी, तिच्यात कोनाडा, आणि त्या कोनाड्यात साबण ठेवलेला. आपल्याकडचा वारसा असाच माणसांच्या संसारात मिसळलेला आहे, तो जपतात पण ते लोकच, त्यामुळे त्यांच्याशी नीट वागा.

वाटेत शाळेच्या आवारात त्या अफनासी निकितिनचं स्मारक आहे, भारतात आलेल्या रशियन माणसाची आठवण म्हणून. शनिवारी गेलात तर शाळेत कोणी ना कोणी असतं, परवानगी विचारून बघून या. त्याच्या प्रवासवर्णनात त्याने लिहिलंय की जुन्नरच्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला होता. गावात बेने इस्राएली, म्हणजे इथल्या ज्यू समाजाचं सिनेगॉगही (प्रार्थनास्थळ) आहे. हे लोक शतकानुशतकं या किनाऱ्यावर तेल गाळायचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणायचे. तुम्ही शनिवारीच तिथे असाल म्हणून सांगतो, तो त्यांचा शब्बाथचा, म्हणजे विश्रांतीचा दिवस, बाहेरून शांतपणे बघा.

पाच वाजता तटाच्या दारातून बाहेर किनाऱ्यावर या. वाळू काळसर आहे, गोव्यासारखी पांढरी नाही, आणि ओली असली की चालायला एकदम घट्ट. ओहोटी असेल (तिथी बघितलीच असेल तुम्ही) तर भिंत हाताशी ठेवून दक्षिणेला खाडीच्या तोंडाच्या दिशेने चालत जा. अर्ध्या तासात परत फिरायचं हे घड्याळ लावून ठरवा. समोर कोर्लईचा डोंगर दिसतो, समुद्रात झोपलेल्या लांबड्या मगरीसारखा.

इथे उभं राहून १५०८ ची लढाई डोळ्यासमोर आणा. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा तरुण मुलगा लोरेन्सो याच खाडीत जहाजं घेऊन उभा होता, इजिप्तच्या ममलूक सुलतानाचं आरमार आणि दीवचा मलिक अयाझ त्याच्यावर चालून आले. बाहेर निसटताना लोरेन्सोचं जहाज मासेमारीसाठी खाडीत रोवलेल्या खुंटांत अडकलं, तोफगोळ्याने पाय गेला तरी तो डोलकाठीला टेकून बसून लढत राहिला आणि इथेच मारला गेला. पुढच्या वर्षी बापाने दीवला त्याचा सूड घेतला. मोठमोठ्या सत्तांच्या झुंजीत आपल्या मच्छीमारांच्या खुंटांनी एक जहाज धरून ठेवलं, आणि आजही खाडीत पाण्याबाहेर डोकावणारे खुंट दिसतात, तेव्हा मला हे नेहमी आठवतं.

पोहू मात्र नका. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला पाणी इतक्या जोरात बाहेर ओढतं की पट्टीचा पोहणारा पण टिकत नाही. पाय बुडवायचे तर गावाच्या समोरच्या सरळ किनाऱ्यावर, घोट्यापर्यंत.

हिवाळ्यात रात्री वाडीवाल्यांना पोपटीबद्दल विचारा, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, वालाच्या शेंगा आल्या की. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, बटाटे, ओवा, जाडं मीठ, वर परत पाला, मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. पाण्याचा थेंब घालत नाहीत. अर्ध्या-पाऊण तासाने मडकं उघडलं की त्या पाल्याचा जो वास येतो तो दोन दिवस कपड्यांना राहतो. हे आयत्या वेळी होत नाही, दोन दिवस आधी सांगावं लागतं.

पायरी सहावी: रविवार पहाट, कोर्लई

साडेसहाला रिक्षा दारात हवी. रेवदंडा ते कोर्लई पूल ओलांडून सहा-सात किलोमीटर. रिक्षावाल्याला जायचं-यायचं आणि तीन तास थांबायचं असं एकच ठरवून टाका, तिकडून परत रिक्षा मिळणं कठीण.

कोर्लई गावात रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना घरं, पुढे कोळीवाडा, बांबूंवर बोंबील सुकत घातलेले, चटयांवर जवळा. सुकटीच्या वासाला नाक मुरडू नका, हे त्यांचं वर्षाचं धान्य आहे. फोटो काढायचा तर आधी विचारा. गाव संपलं की रस्ता समुद्राच्या कडेने दीपगृहापर्यंत जातो आणि दीपगृहाच्या मागून किल्ल्याच्या पायऱ्या चढतात. पंधरा-वीस मिनिटांत वर. पाणी खालूनच न्या, वर दुकान नाही.

किल्ला लांबट आणि चिंचोळा आहे, डोंगराच्या कण्यावर बसवलेला. एकामागून एक दरवाजे ओलांडत जायचं, म्हणजे एक भाग पडला तरी पुढचा लढवता यावा. मधे छप्पर नसलेलं चर्च आहे, कमानी शाबूत, सकाळचं ऊन वेदीच्या जागेवर पडतं. पोर्तुगीज शिलालेख, तोफा, पाण्याचं टाकं, आणि एक छोटं महादेवाचं मंदिर. एकाच टेकडीवर चर्च आणि महादेव, कोणी कोणाला हलवलं नाही. उत्तरेच्या टोकाच्या बुरुजावर जाऊन बसा. डावीकडे समुद्र, उजवीकडे खाडी, समोर रेवदंड्याचा तट, मधून मासेमारीच्या होड्या टुकटुक करत बाहेर पडतायत. काल तुम्ही जिथे उभं राहून हा डोंगर बघत होता, आज डोंगरावरून ती जागा बघता. म्हणूनच मी शनिवारी रेवदंडा आणि रविवारी कोर्लई हा क्रम सांगतो, उलटा केला तर ही गंमत जाते. साडेनऊच्या आत खाली उतरा, नंतर दगड तापतात.

खाली आल्यावर गावातून हळूहळू चाला आणि कान उघडे ठेवा. १७४० मधे पोर्तुगीज गेले पण इथले ख्रिस्ती राहिले, आणि त्यांची भाषा राहिली. ते तिला नो लिंग म्हणतात, म्हणजे आमची भाषा. जगात ही भाषा बोलणारी माणसं हजाराच्या आसपास, आणि ती सगळी या परिसरातली. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची चाल मराठीच्या वळणावर गेलेली, क्रियापद शेवटी. दारात दोन बायका बोलत असतात, ऐकताना वाटतं मराठीच आहे, मग एकही शब्द कळत नाही, आणि मधेच एखादा कळतो. मी एका मावशींना विचारलं तर त्या अस्सल अलिबागच्या मराठीत म्हणाल्या, "घरात ही, बाजारात ती." तसं बघितलं तर आपण सगळेच थोडं थोडं पोर्तुगीज बोलतो: चावी, बादली, पगार, घमेलं, बटाटा, कोबी, काजू, अननस, पाव. मुलांना परतीच्या वाटेवर हा खेळ द्या, कोण जास्त शब्द ओळखतं.

माउंट कार्मेल चर्चमधे रविवारी सकाळी मिस्सा असतो. प्रार्थना चालू असेल तर आत फोटो काढत फिरू नका, मागे उभं राहून ऐका किंवा संपेपर्यंत बाहेर थांबा. वेळ असेल तर येताना साळावच्या टेकडीवरचं बिर्ला गणेश मंदिर बघता येतं, स्वच्छ आणि शांत आहे, पण ते राहिलं तरी चालेल.

पायरी सातवी: परत

अकरापर्यंत वाडीवर, आंघोळ, जेवण, आणि दोनला निघायचं. रविवारी चारनंतर अलिबाग सोडलं तर पेणपर्यंत गाड्यांची रांग असते. लाँचने जाणार असाल तर परतीचं तिकीट शनिवारीच हातात असू द्या, शेवटच्या फेरीवर विसंबू नका, वारा वाढला तर फेऱ्या उशिरा होतात नाहीतर रद्द.

बॅगेत काय: कापडी टोपी, पाणी, वाळूत आणि दगडावर दोन्हीकडे चालतील असे बूट, टॉर्च (वाडीतल्या वाटा रात्री काळोख्या असतात), डासांचं मलम हे तर हवंच हवं, दोन जादा पिशव्या. किनाऱ्यावर स्वतःचा कचरा परत आणायला एक, आणि दुसरी खरेदीला. सुकट-बोंबील घ्यायचे तर कोर्लईच्या कोळणींकडून थेट घ्या, घासाघीस करू नका, आणि कागदात गुंडाळून मग डब्यात भरा नाहीतर लाँचमधे शेजारचे उठून जातात. फेब्रुवारीनंतर गेलात तर अलिबागच्या रस्त्यावर पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतील, जीआय मानांकन मिळालेला हाच तो कांदा, चवीला गोडसर. वेणी घट्ट विणलेली आणि कांदा लहान-मध्यम बघून घ्या, फार मोठा टिकत नाही. घरी आल्यावर पिशवीत कोंडू नका, स्वयंपाकघरात वारा लागेल अशा खिळ्याला लटकवा आणि खालच्या बाजूने एकेक काढत जा.